ऑफसाइड समजून घ्यायचा तर पासच्या क्षणाकडे बघा

२० नोव्हेंबर २०२२ ची रात्र. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात आप्पांच्या ओट्यावर टीव्ही बाहेर काढला होता. कतार विरुद्ध इक्वेडोर, वर्ल्ड कपचा पहिलाच सामना, आपल्याकडे साडेनऊला सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला एनर वॅलेन्सियाने डोक्याने चेंडू जाळीत घातला, ओट्यावर टाळ्या पडल्या आणि थोड्या वेळात गोल रद्द झाल्याचं पडद्यावर आलं. आप्पांनी जन्मभर कुस्ती आणि क्रिकेट सोडून काही बघितलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हाऊ गोल काबर नही रे भो?"

मी सुट्टीच्या दिवशी शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो आणि आसपासच्या स्पर्धांमध्ये कधी शिट्टी तर कधी झेंडा सांभाळतो. तरीही आप्पांना एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, कारण ऑफसाइड एका वाक्यात सांगितला की हमखास चुकीचा सांगितला जातो. "शेवटच्या डिफेंडरच्या पुढे उभा राहिला की ऑफसाइड" हे वाक्य मैदानावर सगळ्यांना पाठ असतं आणि निम्मी भांडणं त्यातूनच होतात. शेवटी आत जाऊन एक ताट आणलं, मूठभर दादर (आमच्याकडची ज्वारी) घेतली आणि हाफटाइमपर्यंत आप्पांना दाणे मांडून दाखवले. त्याच क्रमाने इथे लिहितो. तुम्हीही ताट घेऊन बसलात तर लवकर कळेल.

नियम कशासाठी

आपल्याकडची बहुतेक पोरं मोकळ्या प्लॉटवर पाच-पाच, सात-सात जणांत खेळूनच तयार होतात. तिथे ऑफसाइड कोणी धरत नाही. फुटसालमध्ये, म्हणजे लहान मैदानावरच्या पाच-पाच जणांच्या फुटबॉलमध्ये, तर हा नियमच नाही. मग एखादा पोरगा समोरच्या गोलजवळ जाऊन टपून बसतो, बाकीचे लांबून त्याच्याकडे चेंडू भिरकावतात. मोठ्या मैदानावर अकरा जणांत असं चाललं तर मधलं सगळं मैदान ओस पडेल. पास देत, जागा काढत वर चढायचं कारणच उरणार नाही. ऑफसाइडचा नियम एवढ्यासाठी आहे.

इंग्लंडमध्ये १८६३ साली पहिले नियम लिहिले तेव्हा चेंडूच्या पुढे असलेला जवळजवळ प्रत्येक साथीदार बाद धरला जायचा. १८६६ मध्ये सवलत आली: पुढे समोरच्या संघाचे तीन खेळाडू असले तर चालेल. १९२५ मध्ये तीनाचे दोन केले. परिणाम लगेच दिसला. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये आदल्या हंगामात ४,७०० गोल झाले होते, नियम बदलल्यावर पुढच्या हंगामात ६,३७३ झाले. एका माणसाच्या फरकाने खेळ केवढा मोकळा झाला ते यावरून कळतं. तो "दोन"चा आकडा आजही तसाच आहे.

ताट मांडा

ताटाच्या मधोमध एक काडी ठेवा, ती हाफ लाइन. वरच्या काठाला गोल. दादरचे दाणे म्हणजे बचाव करणारा संघ, तुरीचे दाणे म्हणजे हल्ला करणारा संघ, आणि एक हरभरा म्हणजे चेंडू.

पहिला प्रश्न सोपा. तूर काडीच्या कोणत्या बाजूला आहे? आपल्याच अर्ध्या भागात असेल तर विषय संपला, तिथे उभा असलेला खेळाडू ऑफसाइड ठरत नाही. हाफ लाइनसुद्धा यात आपल्याच भागातली धरतात.

दुसरा प्रश्न: तुरीपेक्षा गोलरेषेच्या जास्त जवळ दादरचे किती दाणे आहेत? दोन किंवा जास्त असतील तर ठीक. एकच असेल किंवा एकही नसेल तर धोका. इथे "शेवटचा डिफेंडर" हे शब्द डोक्यातून काढून टाका आणि "शेवटून दुसरा" हे घाला. एरवी गोली सगळ्यात मागे असतो, म्हणून शेवटून दुसरा म्हणजे शेवटचा डिफेंडर असा हिशेब जुळतो. गोली पुढे निघाला की तो हिशेब मोडतो. इक्वेडोरच्या गोलात हेच झालं. कतारचा गोली हवेतला चेंडू घ्यायला पुढे झेपावला होता. गोलाआधी चेंडू ज्याच्याकडे गेला त्या इक्वेडोरच्या मायकेल एस्त्रादाच्या पुढे गोलच्या बाजूला एकच कतारी खेळाडू उरला होता. ओट्यावर सगळे म्हणत होते, "अरे, पुढे डिफेंडर उभा आहे की!" होता, पण एकच होता. नियमाला दोन लागतात, आणि त्यात गोली असलाच पाहिजे असंही नाही.

शेवटून दुसऱ्याच्या अगदी बरोबरीत असाल तरी चालतं. १९९० पासून बरोबरीत असलेला खेळाडू ऑनसाइड धरला जातो.

आता हरभरा उचला आणि तुरीच्या पुढे, गोलच्या बाजूला ठेवा. तूर चेंडूच्या मागे गेली की ती ऑफसाइड असूच शकत नाही, समोर दादरचा एकही दाणा नसला तरी. विंगवरचा खेळाडू गोलरेषेपर्यंत पळत जातो आणि चेंडू मागे ओढून देतो, तो पास घेणारा म्हणूनच सुरक्षित असतो. पोरांना मी हे लवकर शिकवतो, कारण या पासवर झेंड्याची भीतीच नसते.

शरीराचा कुठला भाग मोजायचा? डोकं, धड आणि पाय. हात मोजत नाहीत, गोलीचेही नाहीत. हात कुठून सुरू होतो, तर काखेच्या तळाच्या रेषेपासून. थोडक्यात, ज्या भागाने गोल करता येतो तोच धरायचा.

पास सुटला तो क्षण

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. आतापर्यंतचे सगळे प्रश्न एकाच क्षणाला विचारायचे असतात: साथीदाराचा पाय किंवा डोकं चेंडूला लागलं तो क्षण. चेंडू पोहोचतो तेव्हा कोण कुठे आहे याला काही अर्थ नाही.

आपल्या पोरांना हे खो-खोमुळे पटकन समजतं. पाटीवर बसलेला खेळाडू खो मिळाल्यावर कितीही जोरात सुटला तरी चालतं, पण खो मिळायच्या आधी उठला की फाऊल. फुटबॉलमध्ये पास म्हणजे खो समजा. पास सुटेपर्यंत रेषेत राहा, सुटला की वाऱ्यासारखे पळा. डिफेंडरच्या मागे दहा पावलं जाऊन चेंडू घेतला तरी ऑफसाइड नाही.

याची उलटी बाजू लोकांना जास्त खटकते. पास सुटताना तुम्ही पुढे होता, मग मागे पळत आलात आणि चार डिफेंडर पुढे असताना चेंडू घेतला. ऑफसाइडच. अगदी स्वतःच्या अर्ध्या भागात परत येऊन घेतला तरी ऑफसाइड, आणि फ्री किकसुद्धा तिथेच, तुमच्याच भागात दिली जाते. एका स्पर्धेत मी असा झेंडा वर केला तेव्हा बाहेरून आरडाओरडा झाला, "हाफ लाइनच्या मागे कसला ऑफसाइड!" उभं राहण्याची जागा पासच्या वेळी मोजतात आणि फ्री किकची जागा तो खेळात सामील होतो तिथली, हा फरक तेव्हा दोन्ही संघांना मैदानातच थांबवून समजावावा लागला.

ताटात सराव करा. हरभऱ्याला बोट लावा आणि तिथेच थांबा. दाणे मोजा. मग हरभरा सरकवा, तूर कुठेही पळवा. निकाल बोट लावलं तेव्हाच लागलेला असतो.

उभं राहणं हा गुन्हा नाही

ऑफसाइड जागेत असणं वेगळं आणि ऑफसाइडचा फाऊल होणं वेगळं. फुटबॉलच्या अकराव्या नियमात हे पहिल्याच ओळींत सांगितलं आहे. ऑफसाइड जागेत दोन मिनिटं शांत उभे राहिलात तरी शिट्टी वाजणार नाही. फाऊल तेव्हा होतो जेव्हा तुम्ही खेळात भाग घेता, आणि भाग घेण्याचे रस्ते तीन आहेत.

पहिला रस्ता सगळ्यांना दिसतो: साथीदाराने दिलेला चेंडू तुम्ही खेळता किंवा त्याला स्पर्श करता.

दुसऱ्या रस्त्यात चेंडूला हातपाय न लावताही तुम्ही फसता. गोलीच्या डोळ्यांसमोर उभे राहून त्याची नजर अडवलीत, डिफेंडरशी चेंडूसाठी भिडलात, जवळच्या चेंडूवर झेप घेतलीत आणि त्यामुळे समोरच्याला अडचण झाली, किंवा अशी उघड हालचाल केलीत की त्याला चेंडू खेळणं अवघड झालं, तर फाऊल. "उघड" या शब्दावर जगभर वाद होतो. १४ जानेवारी २०२३ ला मँचेस्टर युनायटेड आणि मँचेस्टर सिटीच्या सामन्यात मार्कस रॅशफर्ड ऑफसाइड जागेत होता. तो चेंडूच्या मागे, अगदी चेंडूला खेटून धावला, पण त्याने स्पर्श केला नाही. मागून ब्रुनो फर्नांडिसने येऊन गोल मारला. आधी झेंडा वर गेला, मग गोल दिला गेला. मला स्वतःला तो गोल द्यायला नको होता असं वाटतं. चेंडूला खेटून कोणी धावत असेल तर डिफेंडर आणि गोली त्याच्याकडे बघूनच पाय टाकणार. नियमाची अक्षरं धरली तर पंचांची बाजू मांडता येते, हेही खरं. अशी उदाहरणं मी पोरांना मुद्दाम दाखवतो, म्हणजे प्रत्येक निर्णय काळा-पांढरा नसतो हे लहानपणीच कळतं.

तिसरा रस्ता परतून आलेल्या चेंडूचा. साथीदाराने शॉट मारला, चेंडू खांबाला, आडव्या दांडीला किंवा समोरच्या खेळाडूला आपटून तुमच्याकडे आला, किंवा गोलीने अडवला आणि तुमच्यापुढे पडला. शॉटच्या क्षणी तुम्ही ऑफसाइड जागेत होता तर तो चेंडू खेळणं हा फाऊल. गावच्या मैदानावर "गोलीच्या हातून सुटला, आता सगळ्यांचा" असं म्हणतात, ते चूक आहे.

मध्ये समोरच्याचा पाय लागला तर

समोरच्या संघाच्या खेळाडूने चेंडू मुद्दाम खेळला आणि तो तुमच्याकडे आला, तर तुम्ही सुटलात. नुसता आपटून आला तर नाही सुटलात. गोलात जाणारा चेंडू त्याने अडवला, तर तेही "मुद्दाम खेळणं" धरत नाहीत.

१० ऑक्टोबर २०२१ ला मिलानमध्ये नेशन्स लीगच्या फायनलमध्ये किलियन एम्बापे ऑफसाइड जागेत होता. त्याच्याकडे येणाऱ्या पासवर स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय घातला, चेंडूला थोडा स्पर्श झाला आणि तो एम्बापेकडे गेला. त्याने गोल केला, गोल मान्य झाला, फ्रान्स २-१ ने जिंकलं. गार्सियाने चेंडू मुद्दाम खेळला असं धरलं गेलं. यावर एवढी टीका झाली की २०२२ मध्ये "मुद्दाम" म्हणजे काय हे खुलासेवार सांगावं लागलं. चेंडू लांबून आला का, खेळाडूला तो नीट दिसत होता का, वेग फार होता का, अंग सावरायला वेळ मिळाला का, चेंडू त्याच्या ताब्यात येऊ शकत होता का. जमिनीवरचा चेंडू हवेतल्यापेक्षा सोपा धरायचा. डिफेंडरला चेंडू नीट खेळणं अवघड होतं असं ही उत्तरं सांगतील तेवढा तो चेंडू "नुसता आपटला" ठरतो.

मैदानावर मी पोरांना एकच विचारतो: त्याला तो चेंडू हवा तिथे मारता आला असता का? आला असता, पण चुकला, तर ती त्याची चूक आणि गोल तुमचा.

कुठे लागू नाही

थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किक. या तिन्हींतून चेंडू थेट मिळाला तर ऑफसाइड नाही. फ्री किकवर मात्र आहे, हे बरेच जण विसरतात.

"थेट" हा शब्द सोडू नका. कॉर्नर मारणारा जवळच्या साथीदाराला छोटा पास देतो आणि स्वतः गोलरेषेजवळच रेंगाळतो. साथीदार चेंडू परत त्यालाच देतो. कॉर्नरवर सवलत होती, पण दुसरा पास साधा पास आहे. तो देताना कॉर्नरवाला चेंडूच्या आणि शेवटून दुसऱ्याच्या पुढे असला की ऑफसाइड. शाळांच्या सामन्यांत मला सर्वात जास्त वेळा दिसलेली चूक हीच. उपायही सोपा आहे: कॉर्नर मारला की लगेच आत पळा.

बचाव करणाऱ्यांसाठी

नियम हल्ला करणाऱ्यांना अडवतो, तसा बचावाला हत्यारही देतो. चारही डिफेंडर एका ओळीत पुढे सरकले की मागे राहिलेले फॉरवर्ड आपोआप ऑफसाइड जागेत सापडतात. वर्ल्ड कपच्या त्याच आठवड्यात, २२ नोव्हेंबरला, सौदी अरेबियाने अर्जेंटिनाविरुद्ध आपली रेषा खूप वर ठेवली. पहिल्या हाफमध्ये अर्जेंटिनाचे तीन गोल ऑफसाइडमुळे रद्द झाले आणि सौदी २-१ ने जिंकलं. तो सामना आपल्याकडे दुपारी साडेतीनला होता. आप्पा शेतातून लवकर आले होते. रद्द झालेला गोल परत दाखवला तेव्हा ते पडद्याकडे बोट दाखवून म्हणाले, "पास दिधा तव्हय तो पुढे व्हता ना?" बरोबर तेच.

हे हत्यार वापरायचं तर चौघांनी एकाच आवाजावर सरकायला हवं. एक जण बेसावध मागे राहिला तर तोच सगळ्यांना ऑनसाइड ठेवतो. आणि मैदानाबाहेर जाऊन सापळा लावता येत नाही. पंचांना न विचारता बाहेर गेलेला डिफेंडर रेषेवरच उभा आहे असं धरतात. ९ जून २००८ ला युरो स्पर्धेत इटलीचा पानुची गोलरेषेबाहेर पडलेला होता. तो मोजला गेला आणि नेदरलँड्सच्या व्हॅन निस्टलरॉयचा गोल मान्य झाला. अर्ध्या जगाने तेव्हा पंचांना चूक ठरवलं होतं. पंच बरोबर होते.

झेंडा कसा वाचायचा

लाइनमन आधी झेंडा सरळ वर धरतो. पंचांनी शिट्टी दिली की झेंड्याची दिशा जागा सांगते: वर तिरका म्हणजे मैदानाच्या पलीकडच्या बाजूला, आडवा म्हणजे मधे, खाली तिरका म्हणजे त्याच्या जवळ. फ्री किक अप्रत्यक्ष असते, म्हणून पंच हात वर धरून ठेवतात. दुसऱ्या कोणाचा स्पर्श झाल्याशिवाय त्यावर थेट गोल होत नाही.

टीव्हीवर झेंडा उशिरा वर जातो तेव्हा लोक चिडतात. जिथे व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासायची सोय) असतं तिथे लाइनमनला थांबायलाच सांगितलेलं असतं. चुकीचा झेंडा वर केला तर चालू हल्ला मरतो आणि तो परत आणता येत नाही. उशिरा वर केला तर गोल नंतर रद्द करता येतो. कतारच्या वर्ल्ड कपमध्ये १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. ही सगळी खटपट पासचा तो एक क्षण पकडण्यासाठी.

आपल्या मैदानावर झेंडा धरणार असाल तर

आपल्याकडे कॅमेरे नाहीत. बऱ्याचदा नेमलेले लाइनमनही नसतात, सामना संपवून बसलेल्या संघातला एखादा पोरगा झेंडा घेतो. त्याच्यासाठी हे लिहितो.

शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या रेषेत राहा. चेंडू त्याच्यापेक्षा गोलच्या जवळ गेला तर चेंडूच्या रेषेत. तोंड मैदानाकडे ठेवून आडवे सरका. दोन पावलं जरी मागे-पुढे असलात तरी तिरकं दिसतं आणि ऑनसाइड पोरगा ऑफसाइड वाटतो.

चूक कशी होते ते आकड्यांत बघा. फॉरवर्ड सेकंदाला ७ मीटर वेगाने पुढे पळतोय, डिफेंडर ५ मीटरने वर येतोय. दोघांतलं अंतर सेकंदाला १२ मीटरने बदलतंय. पास बघून मान वळवायला सेकंदाचा दहावा भाग जरी लागला तरी चित्र १.२ मीटरने बदललेलं असतं. म्हणून नजर रेषेवर ठेवा आणि पास डोळ्याच्या कोपऱ्यातून व आवाजावरून ओळखा. शंका राहिली तर झेंडा खाली.

उन्हाचाही विचार करा. आपल्याकडे मे महिन्यात सामने सकाळी लवकर नाहीतर साडेपाचनंतरच होतात. मैदान उत्तर-दक्षिण असेल तर संध्याकाळी पूर्वेच्या रेषेवरच्या लाइनमनच्या थेट डोळ्यांत सूर्य येतो. त्याला टोपी द्या. झेंडा उजळ, केशरी किंवा पिवळा घ्या. धुळीत मळका रुमाल पंचांना दिसत नाही.

आणि स्पर्धेआधी एक संध्याकाळ हा सराव करा. फक्कीने एक आडवी रेषा आखा, तीन डिफेंडर, दोन फॉरवर्ड आणि एक पास देणारा उभे करा. पास सुटला की बाहेरच्याने जोरात "थांब" म्हणायचं आणि सगळ्यांनी जिथे पाय आहे तिथे थिजायचं. मग झेंडेवाल्याने आधी आपला निर्णय सांगायचा आणि नंतर सगळ्यांनी रेषेवर जाऊन पाहायचं. पहिल्या वीस वेळा बरेच निर्णय चुकतील. तीस-चाळीस वेळा झाल्यावर झेंडेवाल्याची मान चेंडूमागे वळायची थांबते. मग जागा बदला: डिफेंडरला झेंडा द्या, झेंडेवाल्याला फॉरवर्ड करा. रेषेवरून एकदा पाहिलेला फॉरवर्ड पुढच्या सामन्यात अर्धं पाऊल उशिरा पळायला लागतो.